विम्यात बसणारी एकच जोडी

तुमच्या आत्याच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, कंपनीत दर वर्षी एप्रिलमध्ये एक खिडकी उघडते. ती कॉम्प्युटरवर असते, पंधरा दिवस उघडी राहते आणि मग बंद होते. कंपनीमार्फत आजारपणाचा विमा कोणाकोणाचा उतरवायचा, ते आत्याने त्या खिडकीत भरायचं असतं. ती स्वतः, नवरा आणि मुलगी आपोआप येतात. त्यांच्या खाली एक रकाना आहे: आई-वडील किंवा सासू-सासरे. दोन्ही नाही. एकच जोडी. आणि एकदा जोडी भरली की पुढे ती बदलता येत नाही.

हप्ता आत्याच्या पगारातून कापतात. तो बाहेरच्या पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो, आणि जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरतात. आमच्या वयात हे महत्त्वाचं आहे. नवे आजार आम्हाला फारसे होत नाहीत. जुनेच वाढतात.

हा नियम कोणी केला ते मला ठाऊक नाही. मी पिंपरीच्या एका कंपनीत जनरल मॅनेजरांची स्टेनो होते आणि असे पुष्कळ नियम इंग्रजीतून टाइप केले आहेत, त्यामुळे अंदाज करू शकते. तो माणूस अविवाहित असावा.

मागच्या वर्षी जे झालं ते तुमच्या बाबांनी तुम्हाला तिकडे परदेशात फोनवरच्या ऐकीव माहितीवर सांगितलं आहे, असं मला कळलं. 'चार म्हाताऱ्यांनी मिळून घोळ घातला,' एवढंच तुम्हाला माहीत आहे. तो घोळ नव्हता. ते सौजन्य होतं. खर्च दोन्हींचा सारखाच येतो, पण फरक आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

तुमची आत्या आणि आतोबा दोघंही चाकणला नोकरी करतात, दोन वेगळ्या कंपन्यांत. आत्याच्या कंपनीत मोटारींच्या सीटचे लोखंडी सांगाडे होतात आणि ती क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे सांगाडा चुकला तर का चुकला हे शोधणं तिचं काम. राहायला ते मोशीला आहेत, नवव्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी आतोबांचे आई-वडील लातूरकडचं गाव सोडून त्यांच्याकडे आले. शेत वाट्याने दिलं आणि आले. आम्ही दोघं चिंचवडला आपल्या जुन्याच फ्लॅटमध्ये. आजोबांना थोडी पेन्शन आहे, बाकी ठेवींचं व्याज. व्याह्यांना पेन्शन नाही. वाट्याचं सोयाबीन आणि ज्वारी येते, ती आली तर येते.

आतोबांच्या कंपनीतही पूर्वी आई-वडिलांचा विमा होता. मागच्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने तो बंद केला. त्याची ईमेल आली, आणि त्याच आठवड्यात प्रत्येकाला कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली मिळाली. बाटली चांगली आहे. व्याही ती घेऊन फिरायला जातात.

तर विमा एक आणि जोड्या दोन.

आता ठेवीबद्दल. तुमच्या आतेबहिणीला आर्किटेक्ट व्हायचं आहे. ती बारावीत जाणार होती आणि तिच्या कॉलेजसाठी आत्याने ती बालवाडीत असल्यापासून पैसे बाजूला टाकले आहेत. घराचा हप्ता, शाळेची फी, गाडीचं पेट्रोल, सगळं जाऊन जे उरेल ते त्या ठेवीत. ओव्हरटाइमचे पैसे थेट तिथे. आत्याची साडी कित्येक वर्षांत मी नवी पाहिलेली नाही. तिची भीती एकच होती आणि ती तिने मला स्पष्ट सांगितली होती: "आई, तुम्हा चौघांपैकी कुणीही एकजण आडवं झालं ना, तर ती ठेव जाणार. दुसरीकडे पैसेच नाहीत."

मी म्हटलं, "आम्ही आडवे होणार नाही." हे मी आश्वासन म्हणून म्हटलं होतं. पुढे ते वेळापत्रक झालं.

खिडकी उघडली त्या रविवारी आत्याने आम्हाला मोशीला जेवायला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याची चटणी. तिने आम्हा चौघांना नियम समजावून सांगितला, जसा ती नव्या कामगारांना सांगत असेल तसा, सावकाश. मग म्हणाली, "आता तुम्हीच ठरवा. मला एकाला हो आणि एकाला नाही म्हणायला लावू नका."

"त्यात काय ठरवायचं?" व्याही म्हणाले. "साहेबांचं लिही."

व्याही आजोबांना साहेब म्हणतात आणि आजोबा त्यांना अण्णा. आजोबा टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात, होते आणि आयुष्यभर साहेब लोकांबद्दल वाईट बोलत आले, पण व्याह्यांना ते कधी अडवत नाहीत.

"छे छे," आजोबा म्हणाले. "अण्णांचं आणि विहीणबाईंचं लिही. त्यांना शुगर आहे."

"शुगर हाय ती माजी हाय, तिला काय करायचंय?" व्याही म्हणाले. "गोळी घेतो की. तुमचा गुडगा बगा साहेब."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. बसताना वाजतो, एवढंच."

"उठतानाही वाजतो," मी म्हटलं.

"तू गप्प बस."

विहीणबाई भाकरी वाढत होत्या. "विहीणबाई, तुमचंच लिहू द्या," त्या मला म्हणाल्या. "आमची शेतातली हाडं हायेत. आमाला काय होतंय?"

"अहो, आमचं चिंचवडला सगळं जवळ आहे. तुमचं लिहू दे."

"कशाला करायलाव एवढं? लेकीचा पैला मान आईबापाचा."

"लेक दिली की तिच्यावर पहिला हक्क तुमचा," आजोबा म्हणाले. ते एरवी असं बोलत नाहीत. हे वाक्य ते कुठून आणतात ते मला माहीत नाही, लग्नकार्यात आणि अशा प्रसंगीच बाहेर पडतं.

आतोबा म्हणाले, "अहो, कुणीतरी एकजण हो म्हणा ना."

"मी टॉस करू का?" आत्याने विचारलं.

"टॉस कशाला? आदी जेवा. भाकरी निवायली," विहीणबाई म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात अडचण काय? एकाने हो म्हणायचं. पण आपल्याकडे ताटातली शेवटची पोळी कोणी उचलत नाही. ती वाळते, तरी उचलत नाहीत. इथे तर पोळी सुनेच्या पगाराची होती, एका जोडीच्या लेखी लेकीच्या, आणि समोर व्याही बसलेले.

त्या दिवशी निघताना दोन गोष्टी घडल्या. स्वयंपाकघरात विहीणबाईंनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं की आमची काळजी करू नको, आमचा गावाकडं विमा उतरवलेला आहे. आणि खाली पार्किंगमध्ये आजोबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की कंपनीने आम्हा रिटायर्ड लोकांची सोय केलेली आहे, तू अण्णांचं भर.

दोन्ही अगदीच खोटं होतं असं नाही. व्याह्यांनी खरंच विमा उतरवला होता. सोयाबीनचा. आणि आजोबांच्या कंपनीने खरंच सोय केलेली आहे. मंगळवारी दवाखान्यात फुकट बीपी मोजतात.

तुमची आत्या एका बोल्टचं सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय तो आत घेत नाही. पण आई-बापाकडे आणि सासू-सासऱ्यांकडे पुरावा कोण मागणार? तिने विचार केला, दोघांचीही सोय आहे, तर हप्ता कशाला भरायचा? रकाना रिकामा ठेवला. वर्षाच्या हप्त्याचे जे पैसे वाचले ते मुलीच्या ठेवीत टाकले. खिडकी बंद झाली. तिने आम्हाला काही सांगितलं नाही, कारण कोणाचं भरलं हे सांगितलं असतं तर पुन्हा आग्रह सुरू झाला असता.

आम्हाला वाटलं, त्यांचं भरलं. त्यांना वाटलं, आमचं भरलं. सगळे समाधानात होतो.

हे फुटलं ते चैत्रातल्या हळदीकुंकवाला. माझ्याकडे दर वर्षी आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. विहीणबाई आल्या होत्या. त्यांना पन्ह्याचा पेला नीट दिसेना, हात बाजूला गेला. मी म्हटलं, "मोतीबिंदू काढून घ्या की या वर्षी. आता विम्यात आहात."

"मी कशाला विम्यात? तुम्ही न्हाव का?"

"आम्ही? तुमचं भरलंय ना?"

पलीकडे शेजारणी नवऱ्यांची नावं उखाण्यांत घेत होत्या.

"तुमचा गावाकडे विमा आहे म्हणत होता?" मी हळूच विचारलं.

"सोयाबीनचा हाय," विहीणबाई म्हणाल्या. "आन् तुमची ती सोय?"

"मंगळवारी बीपी मोजतात."

त्यांनी पन्हं संपवलं. मग म्हणाल्या, "पोरीला सांगायचं न्हाई."

हे मला पटलं. खिडकी बंद झाली होती. सांगून ती उघडणार नव्हती. आत्या फक्त वर्षभर झोपली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं त्यांच्या सोसायटीच्या बागेत ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर भेटलो. आजोबांनी बाहेरची पॉलिसी घेण्याचा विचार मांडला. एजंटला वर घरी बोलावलं. तो नम्र होता. त्याने सांगितलं की हप्ता या वयात जरा जास्त असतो, आणि गुडघा, शुगर, बीपी, मोतीबिंदू यांना तीन वर्षं थांबावं लागेल. आम्हाला जे आजार नव्हते त्यांच्यासाठी पॉलिसी लवकर लागू होणार होती. व्याह्यांनी त्याला चहा पाजला आणि लिफ्टपर्यंत सोडलं.

तेव्हा एकच मार्ग राहिला. पुढच्या एप्रिलपर्यंत कोणी आजारी पडायचं नाही.

असा ठराव करणं सोपं असतं. मी व्यवस्था पाहणारी, त्यामुळे पाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आजोबांची स्कूटर बंद. व्याह्यांचा पेढा बंद. विहीणबाईंनी एकटीने रस्ता ओलांडायचा नाही, कारण मोशीच्या रस्त्यावर डोळे चांगले असलेले लोकही हात जोडून ओलांडतात. ओल्या बाथरूममध्ये कोणी जायचं नाही. सकाळी व्हिडिओ कॉल करून एकमेकांना तोंड दाखवायचं.

विहीणबाई त्या कॉलवर आजोबांना उभं राहायला सांगत. "चालून दावा बरं साहेब. हां. आज लंगडायलाव थोडं."

"फोन तिरका आहे तुमचा."

"फोन सरळ हाय. पाय तिरका हाय."

आजोबा मला म्हणत, "या बाईंना टूलरूममध्ये घ्यायला हवं होतं." व्याह्यांची तपासणी आजोबा करत. त्यांचा प्रश्न एकच: "अण्णा, खिशात काय आहे?" आणि व्याही खिसे उलटे करून दाखवत. एकदा त्यांतून बर्फीचा कागद पडला. त्यांनी तो नातीचा असल्याचं सांगितलं. नात तेव्हा क्लासला होती.

पावसाळ्यात मला ताप आला. मी तो तीन दिवस सर्दी म्हणून चालवला. विहीणबाईंनी ओळखलं आणि बसने एवढ्या लांब काढा घेऊन आल्या, सोबत व्याही, कारण एकटीने रस्ता ओलांडायचा नव्हता. त्या दोघांना पाहून आत्या फार सुखावली. तिने ऑफिसात सांगितलं की माझे सासर-माहेर दोन्ही एकमेकांना धरून आहेत, रोज सकाळी फोन असतो त्यांचा. एका मैत्रिणीने तिला विचारलं म्हणे, कसं जमवलंस? आत्या म्हणाली, आपोआप जमलं.

दिवाळी गेली. सोयाबीनला बरा भाव मिळाला. संक्रांत गेली. तुमच्या आतेबहिणीचे बारावीचे पेपर सुरू झाले आणि आमचा एप्रिल समोर दिसायला लागला. आजोबा म्हणाले, "काढलं वर्ष." मी त्यांना म्हटलं, असं बोलू नये. मी अंधश्रद्धाळू नाही. पण असं बोलू नये.

मार्चमध्ये गावाकडून ज्वारीचं पोतं आलं. दर वर्षी येतं. ट्रॅव्हल्सवाला ते हायवेला उतरवतो, तिथून रिक्षाने घरी. त्या दिवशी आतोबांची सेकंड शिफ्ट होती, ते पोतं पार्किंगमध्ये ठेवून कामावर गेले आणि वॉचमनला वर न्यायला सांगितलं. वॉचमन पाण्याच्या टँकरपाशी होता. व्याह्यांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांनी पोतं लिफ्टपर्यंत स्वतः ओढत नेलं. उंबरठा एकच होता. त्या एका उंबरठ्यावर त्यांनी ते उचललं.

नंतर समजलं की त्यांना हर्निया होता, आठ-दहा वर्षं. ते धोतराखाली पट्टा बांधत. आमच्या सकाळच्या तपासणीत खिसे होते, पट्टा नव्हता.

विहीणबाईंनी आत्याला फोन लावला नाही, मला लावला. "विहीणबाई, ह्यांच्या पोटात दुखायलंय. बोलत न्हाईत. घाम आलाय. काय करू?"

आम्ही रिक्षाने निघालो. रस्त्यात मी आत्याला फोन केला. लागला नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासणीला आले होते, आणि आत शॉपवर जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. आतोबांचंही तेच. चाकणला माणूस कामावर असला की तो पत्र पाठवण्याइतक्या अंतरावर जातो.

हॉस्पिटल त्यांच्या घराजवळच आहे, नवीन, बाहेर कारंजं असलेलं. सर्जन तरुण होता. म्हणाला, "हर्निया अडकलाय. आजच ऑपरेशन करावं लागेल. थांबलो तर आतडं जाईल." विहीणबाईंनी त्याला विचारलं, एप्रिलपर्यंत थांबता येईल का? त्याला वाटलं त्या मुहूर्ताबद्दल बोलत आहेत. तो म्हणाला, "आजी, संध्याकाळपर्यंतही नाही."

काउंटरवर एक मुलगी होती. "कॅशलेस आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग डिपॉझिट भरावं लागेल." तिने आकडा सांगितला. व्याह्यांनी स्ट्रेचरवरून ऐकला आणि ते उठून बसायला लागले. "साहेब, घरी चला. जिरेल ते."

आजोबांनी त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना परत आडवं केलं. "अण्णा, आता बोलायचं नाही."

विहीणबाई हातातल्या पाटल्या ओढत होत्या. पाटल्या लग्नातल्या, हात तेव्हाचा राहिला नव्हता, निघेनात. मनगट लाल झालं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, इथे कार्ड किंवा यूपीआयच चालतं."

विहीणबाईंनी पाटली परत वर सरकवली.

मी माझं कार्ड दिलं. विहीणबाई माझा हात धरून बसल्या, "न्हाई, न्हाई, तुमचे कशाला, न्हाई," आणि मी म्हणत होते, "अहो, असू द्या, नंतर बघू," आणि त्या मुलीच्या मशिनला पिन हवा होता. दोनदा चुकला. एक हात त्यांच्या हातात असताना पिन नीट टाकता येत नाही. शेवटी आजोबा म्हणाले, "विहीणबाई, त्यांना आत घेतलं की मग नाही म्हणा." तेव्हा त्यांनी सोडलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आतडं वाचलं. आत्या आली तेव्हा अण्णा खोलीत होते आणि आम्ही तिघं बाहेर बाकावर. तिच्या पायात अजून कंपनीचे सेफ्टी शूज होते. आत जाऊन त्यांना बघून आली, मग मला म्हणाली, "अगं आई, बरं झालं लगेच आणलंत." आणि विहीणबाईंना, "अहो आई, तो गावाकडचा विमा, त्याचे कागद कुठे आहेत? मी काउंटरला देते."

विहीणबाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी काचेबाहेरच्या कारंज्याकडे पाहिलं.

"ते सोयाबीनचे हायेत," विहीणबाई म्हणाल्या.

आत्या बसली. ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिच्या खात्यात एखादा भाग खराब निघाला की 'व्हाय-व्हाय' करतात. का, म्हणून विचारायचं, उत्तर आलं की त्याला पुन्हा का, असं मूळ सापडेपर्यंत. 'माणसाची चूक' हे उत्तर चालत नाही. तिने फोन काढला, लिहायला, आणि सुरुवात केली.

"अण्णांचा विमा का नाही?"

"तू भरला नाहीस म्हणून," आजोबा म्हणाले.

"मी का नाही भरला?"

"आमचा हाय म्हनून सांगितलं म्हनून," विहीणबाई म्हणाल्या.

"तसं का सांगितलंत?"

"तुज्या आईबापाचा भरावा म्हनून."

"आणि पप्पा, तुम्ही सोय आहे असं का सांगितलंत?"

"त्यांचा भरावास म्हणून."

"मग हे तोंडाने का नाही सांगितलं? आम्हाला नको, त्यांना द्या, एवढंच?"

"सांगितलं की. जेवताना सांगितलं. तू ऐकत नव्हतीस."

"तुम्ही दोघंही नको म्हणत होतात, पप्पा! दोघांचं ऐकलं तर काय होतं? हे होतं." "आम्हाला पाहिजे, असं कुणीच का नाही म्हणालं?"

समोरून वॉर्डबॉय चहाची किटली घेऊन गेला.

"व्याह्यांसमोर कसं म्हणणार?" शेवटी मी म्हटलं.

तिने ते टाइप केलं. मूळ सापडलं होतं. मग तिने फोन ठेवला, सेफ्टी शूज काढले, पाय बाकावर घेतले आणि गुडघ्यांत तोंड घालून बराच वेळ तशीच बसली. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आग्रहाचे शब्द त्यांना येत होते, दुसरे शोधत असाव्यात.

अण्णा घरी आल्यावरच्या रविवारी आत्याने आम्हाला बोलावलं. या वेळी जेवण नंतर. आधी आकडे. नियम तिने दारातच सांगितला: "छे छे, असू द्या, कशाला, हे शब्द आज चालणार नाहीत. प्रत्येकाने आपल्याकडे किती आहे ते सांगायचं. पासबुकासकट."

मुलांनो, मी लग्नानंतर आजोबांच्या आईला माझा पगार सांगितला नव्हता. माझ्या सख्ख्या बहिणीला अजून माहीत नाही. व्याह्यांनी सांगण्याआधी उठून दाराची कडी लावली. आजोबांनी आकडा सांगताना चष्मा काढून हातात घेतला. एक ठेव त्यांनी सांगितली ती मलाही नवीन होती. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आम्ही घरी बोललो.

बिलाची वाटणी झाली. डिपॉझिट आम्ही भरलं होतं, ते आमच्याकडे राहिलं. सोयाबीनचे पैसे व्याह्यांनी दिले. उरलेलं आत्याने मुलीच्या ठेवीतून काढलं, पण तेवढंच, जेवढा हप्ता आधीच्या एप्रिलमध्ये न भरल्यामुळे तिथे गेला होता. "ते तिचे नव्हतेच," आत्या म्हणाली. "तुमचे होते." बाकीची ठेव शाबूत राहिली. तुमची आतेबहीण दार बंद का आहे हे विचारत दोनदा येऊन गेली. तिला ज्वारी निवडतोय असं सांगितलं.

मग एप्रिल आला आणि खिडकी उघडली. पुन्हा तेच टेबल.

"बोला," आत्या म्हणाली.

आजोबांनी घसा साफ केला. "मला पाहिजे," ते म्हणाले. "गुडघा बदलावा लागणार आहे. डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलंय." हेही मला नवीन होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

व्याही जमिनीकडे बघत म्हणाले, "मला बी पायजे. शुगर हाय. छातीत बी एकदा दुखलं होतं, सांगितलं न्हाई. हिचे डोळे हायेत."

अशा रीतीने वर्षभराने आम्ही होतो तिथेच आलो. विमा एक आणि जोड्या दोन. फरक एवढाच की आता जे बोललं गेलं ते खरं होतं.

आत्याने आकडे पुन्हा पाहिले. आम्हा दोघांकडे पेन्शन आहे, ठेवी आहेत, मुलगा परदेशात आहे. त्यांच्याकडे शेताचा वाटा आणि हा एक मुलगा. तिने लॅपटॉपवरून मान वर केली आणि आधी आमच्याकडे पाहिलं. "पप्पा, मी अण्णांचं आणि आईंचं भरतेय."

"बरं," आजोबा म्हणाले.

मला त्यांचं बरं कसकसं असतं ते माहीत आहे. हे त्यातलं सगळ्यात छोटं होतं. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर ते आलं होतं, कशाला, तुमचंच भरा. मी त्याची वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू. त्या म्हणाल्या, "बरं झालं, माय." आणि पदराने डोळे पुसले, मोतीबिंदूचे.

आत्याने बटण दाबलं. पुढे बदलता येत नाही.

त्याच संध्याकाळी आजोबांनी तुमच्या बाबांना फोन लावला आणि त्यांना एक रक्कम सांगितली, आमच्या बाहेरच्या पॉलिसीच्या हप्त्याची. दर वर्षी एवढी पाठव, म्हणाले. तुमच्या घरात पैशांची काही ओढ झाली असेल तर ती या रकमेमुळे. तुमचे बाबा म्हणाले, "एवढीच? आधी का नाही सांगितलंत?" आजोबांनी फोन माझ्याकडे दिला. गुडघ्याला आता तीन वर्षं थांबायचं आहे. व्यायाम चालू आहे.

पण हा फोन घरी आल्यावरचा. दुपारी मोशीहून निघालो तेव्हा लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. नऊ मजले. आत्या वरून ओरडत होती की थांबा, तासाभरात सुरू होईल, पण आजोबांना तिथे थांबायचं नव्हतं. ते कठडा धरून उतरायला लागले. एक पायरी, मग थांबायचं. व्याही चपला घालून त्यांच्या मागे आले, पोटाला पट्टा, डॉक्टरांनी जिने मना केलेले, आणि त्यांनी आपला हात पुढे केला.

"राहू द्या, अण्णा. तुमचं ऑपरेशन झालंय."

"धरा साहेब," व्याही म्हणाले. "पडायचंच झालं तर मी खाली पडतो. माजा विमा हाय."

आजोबांनी हात धरला. पाचव्या मजल्यापर्यंत दोघं एकेक पायरी मोजत उतरले. तिथे आजोबांना हसू आलं, आणि त्यांना पायरीवर बसावं लागलं.